यूएनमधली थेट भरती (वायपीपी, जेपीओ वगैरे): कुणाला अनुभव आहे का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून खातं उघडलं. यंदा संख्याशास्त्रात एमएस्सी झाले, वय २३, घर नाशिकचं. घरात सध्या तीन पक्ष आहेत. बाबा म्हणतात यूपीएससी. आई म्हणते बँकेची परीक्षा दे आणि मोकळी हो. आणि मावशीच्या ओळखीच्या एक बाई म्हणतात की यूएनमध्ये पदवीनंतर थेट घेतात, परीक्षा असते, 'यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम' म्हणून. तेव्हापासून मी रोज रात्री त्यांच्या संकेतस्थळावर पडीक असते आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो. वायपीपी वेगळं, जेपीओ (ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर) वेगळं, यूएनव्ही (यूएन व्हॉलंटियर्स) वेगळं, वर्ल्ड बँकेचं वायपीपी आणखीच वेगळं.

परदेशात न शिकलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीला यातलं खरोखर काय जमण्यासारखं आहे? पुण्यात एक क्लास 'यूएन करिअर बॅच'साठी पाऊण लाख मागतोय. भरावेत का?

कटिंगचहा
उत्तर माहीत नाही, जागा धरून ठेवतो. मावशीच्या ओळखीच्या बाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं रोजगार विनिमय केंद्र आहे, एवढंच नोंदवतो.

पेठकर
पाऊण लाख अजिबात भरू नकोस. आमच्या गल्लीत दर दोन इमारतींमागे एक क्लास आहे. ज्या परीक्षेला वर्गातल्या किती जणांना बसता येईल हेच ठाऊक नाही, तिची बॅच काढायला जिगर लागते. आणि हे सगळ्यांसाठी: यूएन भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, 'प्रोसेसिंग'ला नाही. निळ्या बोधचिन्हाचं पत्र आलं आणि खाली खाते क्रमांक असेल, तर ते पत्र यूएनचं नाही.

माजी_पीटू
शीर्षक बघून आलो. यूएनच्या एका संस्थेत काही वर्षं पी-२, म्हणजे अधिकाऱ्यांच्या श्रेणीत खालच्या पायरीवर, होतो (सदस्यनाम त्यावरूनच; पी-३, पी-४ त्याच्या वर), आता बाहेर आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

वायपीपी ही यूएन सचिवालयाची परीक्षा. या नावाने ती २०११ पासून आहे, त्याआधी राष्ट्रीय स्पर्धा परीक्षा म्हणून तिचाच जुना अवतार होता. अटी वाचायला सोप्या आहेत: किमान पदवी, परीक्षेच्या वर्षी वय ३२ च्या वर नको, इंग्रजी किंवा फ्रेंच पक्कं. अनुभवाची सक्ती नाही. विषय दर वेळी बदलतात, संख्याशास्त्र मधूनमधून असतं. मेख पुढे आहे. तुमचा देश त्या वर्षीच्या यादीत हवा. ज्या देशांची माणसं सचिवालयात ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी आहेत किंवा मुळीच नाहीत, त्यांच्यासाठीच ही परीक्षा काढलेली आहे. भारताची माणसं तिथे पहिल्यापासून बऱ्यापैकी आहेत, त्यामुळे 'कमी पडलेला देश' म्हणून आपला नंबर लागणं सोपं नाही. यादी दर वर्षी नव्याने लागते. पुस्तकं नंतर, आधी यादी बघ. आपलं नाव नसेल तर सुवर्णपदक असलं तरी अर्जाची खिडकी उघडत नाही.

आणि पास झाल्यावरही नोकरी हातात पडत नाही. रोस्टरवर, म्हणजे पात्र उमेदवारांच्या प्रतीक्षायादीत, नाव चढतं. पद रिकामं झालं आणि कुणी तुम्हाला उचललं तर ठीक, नाहीतर तुम्ही वाट बघत दुसरीकडे नोकरी करता.

जेपीओ हे निराळंच प्रकरण. श्रीमंत देश आपल्या खर्चाने आपली तरुण मुलं यूएनच्या संस्थांमध्ये साधारण दोन वर्षांसाठी पाठवतात, पगार तो देश भरतो. १९६१ पासून चालू आहे. नेदरलँड्स, जर्मनी, जपान, कोरिया, स्कँडिनेव्हियातले देश, इटली. जर्मनीने तर आपली माणसं आंतरराष्ट्रीय संस्थांत लागावीत म्हणून बॉनमध्ये सरकारी कचेरीच थाटली आहे. बहुतेक जागा त्या त्या देशाच्या नागरिकांना. नेदरलँड्ससारखे मोजके देश विकसनशील देशांतल्या उमेदवारांचाही खर्च उचलतात. दोन वर्षं आत राहिलेल्या माणसाला पुढचं पद कसं मिळवायचं हे कळलेलं असतं, म्हणून जेपीओतले पुष्कळ जण तिथेच टिकतात. माझ्या शेजारच्या टेबलावर एक डॅनिश मुलगी होती. तिला काम मी शिकवलं आणि पी-३ ती माझ्याआधी झाली. मुलगी हुशार होती, तक्रार नाही. पण तिच्यामागे तिचा देश उभा होता.

तर्कटबुवा
हे 'ठरलेलं प्रमाण' ठरवलं कुणी?

माजी_पीटू
आमसभेने. १९८८ मध्ये लागू झालेलं सूत्र असं: ४० टक्के वजन नुसत्या सदस्यत्वाला, म्हणजे सगळ्या देशांना सारखं. ५५ टक्के वर्गणीला. उरलेले ५ टक्के लोकसंख्येला.

तर्कटबुवा
१४० कोटी माणसांची किंमत पाच टक्क्यांतला वाटा! ही तर सोसायटीची मीटिंग झाली, मेंटेनन्स जास्त भरेल त्याला पार्किंग.

कटिंगचहा
आमच्याकडे मेंटेनन्स थकवणाऱ्याच्याच दोन गाड्या असतात.

माजी_पीटू
तेही आहे. नियमित अंदाजपत्रकात सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा, २२ टक्के, आणि थकबाकीदारांच्या यादीतही तीच वर. भारताचा वाटा २०२२ ते २०२४ या काळासाठी १.०४४ टक्के होता आणि आपण बहुधा वेळेवर भरतो. वेळेवर भरणाऱ्याला जास्त जागा असं कलम मात्र सूत्रात नाही.

नैरोबीकरीण
सध्या आत आहे, म्हणून बेताने लिहिते. गोदाकाठची, तू अगदी वाईट वर्षात विचारते आहेस. मार्च २०२५ मध्ये सरचिटणीसांनी 'यूएन८०' नावाची फेररचना जाहीर केली, आणि तेव्हापासून कॉरिडॉरमध्ये एकच विषय आहे: कुणाचं पद राहिलं, कुणाचं गेलं. निर्वासितांसाठीच्या यूएनएचसीआरने त्याच जूनमध्ये सुमारे ३,५०० पदं बंद करत असल्याचं सांगितलं. भरती गोठलेली, प्रवास गोठलेला, आणि न्यूयॉर्क-जिनिव्हातली पदं आमच्या नैरोबीसारख्या स्वस्त गावी हलवायची भाषा. दहा-पंधरा वर्षं काम केलेले पी-४ आता पी-३ च्या जागांना अर्ज करताहेत. त्या रांगेत बाहेरून आलेला पी-२ कुठे उभा राहणार?

नाउमेद करायचं नाही. तू २३ ची आहेस, हे चक्र फिरेल. फक्त पुढच्या वर्षी 'यूएनमध्ये लागणं' एवढाच बेत धरून हातातलं सोडू नकोस.

रानवारा
एवढ्या कपातीनंतर ही संस्था उरणार आहे का? आणि उरली तरी काय उपयोग? युद्धं थांबत नाहीत, ठराव होतात, व्हेटो पडतो, चहापाणी होतं.

डॉक्टर_धाराशिव
@रानवारा, सुरक्षा परिषद म्हणजे सगळी यूएन नव्हे. मी दुसऱ्या दाराने आत गेलो होतो, त्याबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

पीएसएममध्ये (सामाजिक वैद्यकशास्त्रात) एमडी केल्यावर मी पोलिओ सर्वेक्षणात लागलो. डब्ल्यूएचओ आणि केंद्र सरकारचा हा प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाला. पद सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर, बोलीभाषेत एसएमओ. माझ्याकडे मराठवाड्यातले जिल्हे. नियम असा की पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडल्याची खबर आली की ४८ तासांत त्याच्या दारात पोचायचं. मग शौचाचे दोन नमुने, दोहोंत किमान २४ तासांचं अंतर, आणि दोन्ही लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. नमुना बर्फाच्या पेटीत घालून मुंबईला, परळच्या एंटरोव्हायरस रिसर्च सेंटरला.

लिहायला दोन ओळी लागतात. प्रत्यक्षात आई म्हणायची, "आज पोराला झालीच न्हाई, साहेब." मग ओसरीवर बसायचं. चहा व्हायचा. आजी विचारायची, तुमचं लगीन झालंय का. पोरगं आमच्याकडे बघत ढिम्म बसलेलं, आणि माझं लक्ष पेटीतल्या आइसपॅककडे. मे महिन्यात वीज गेली की आइसपॅक गोठवायचे कुठे? तालुक्याच्या आइस्क्रीमवाल्याशी मैत्री केली होती, त्याच्याकडे जनरेटर होता. पेटी कशासाठी आहे हे त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह डब्ल्यूएचओचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्यातले काही एसएमओ पुढे नायजेरियाला, इथिओपियाला गेले. तिथे त्यांना बोलावलं ते हेच काम हातून झालं होतं म्हणून. कुणीही वायपीपी दिलेली नव्हती. एक कटू गोष्टही सांगतो: आम्ही 'स्टाफ' नव्हतो, करारावर होतो. निवृत्तिवेतन वगैरे काही नाही. गाडीवर निळी अक्षरं आणि खिशात मुदतीचा कागद, ही यूएनमधल्या फार मोठ्या वर्गाची स्थिती आहे.

कटिंगचहा
डॉक्टर, आइस्क्रीमवाला हा धागा वाचत नसेल अशी आशा करू या.

रानवारा
डॉक्टरसाहेब, यावर माझ्याकडे उत्तर नाही. व्हेटोबद्दलचं मत कायम आहे.

निळी_शाई
एक मुद्दा सगळे टाळताहेत. पैसा. सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी आहे. विमानाचं तिकीट तुमचं, व्हिसा तुमचा, भाडं तुमचं, आणि गाव न्यूयॉर्क किंवा जिनिव्हा. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा इंटर्न जिनिव्हात तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. त्यानंतर चर्चा भरपूर झाली. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) विद्यावेतन देते, डब्ल्यूएचओने २०२० पासून द्यायला सुरुवात केली, सचिवालय मात्र तिथेच आहे. म्हणजे अर्जात 'यूएन इंटर्नशिप' ही ओळ कुणाच्या पोरांना मिळते? ज्यांच्या घरी सहा महिने जिनिव्हात पोसायची ऐपत आहे त्यांच्या. मग मुलाखतीत म्हणायचं, आम्ही गुणवत्ता बघितली.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्यांसाठी एक खरा आधार सांगते. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. त्यातून बाहेर शिकून आलेले लोक मी पाहिले आहेत. इतर प्रवर्गांसाठीही शासनाच्या योजना आहेत. यूएनला परदेशी पदवी लागतेच असं नाही, पण पी-२ ला साधारण पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, पी-३ ला पाच. तो अनुभव 'आंतरराष्ट्रीय' हवा असं कुठेतरी बारीक अक्षरात असतंच.

पेठकर
+१. आणि एमयूएनचे (कॉलेजातल्या लुटुपुटुच्या यूएनचे) झगे घालून सर्टिफिकिटं गोळा करणाऱ्यांनो, त्याचा या भरतीत शून्य उपयोग आहे. फोटो छान येतात.

ब्रसेल्सची_बाई
युरोपियन युनियनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालते. युरोपियन कमिशनची 'ब्लू बुक' उमेदवारी पाच महिन्यांची असते, १९६० पासून चालू आहे, वर्षातून दोन तुकड्या, मार्च आणि ऑक्टोबर. विद्यावेतन मिळतं, तंबू लागत नाही. थोड्या जागा युनियनबाहेरच्यांना असतात, भारतीय मुलं येतात. पण त्यापुढे दार बंद. कायम अधिकारी व्हायला सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. ब्रूजचं कॉलेज ऑफ युरोप १९४९ चं, या नोकरशाहीची जणू पाळणाघर-कम-प्रबोधिनी. तिथले पदवीधर एकमेकांना कॉरिडॉरमध्ये वर्षाच्या तुकडीवरून ओळखतात. ओईसीडीचं (मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचं) तर बोलूच नका, भारत सदस्यच नाही.

सॅमी_मडगाव
नागरिकत्वाचा विषय निघालाच आहे तर आम्ही गोंयकार पुढे होतो. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क सांगता येतो. माझ्या चुलत भावाने तेच केलं. आता तो युरोपियन परीक्षेला बसू शकतो, आणि यूएनमध्ये त्याची मोजदाद पोर्तुगालच्या रकान्यात होईल. किंमत अशी की भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. मावशी दोन महिने बोलत नव्हती. परीक्षेचा अभ्यास त्याने अजून सुरू केलेला नाही, सध्या तो लिस्टरमध्ये गोदामात आहे.

कटिंगचहा
मावशी सगळीकडेच आहेत.

तर्कटबुवा
इथे मला तात्त्विक अडचण आहे. या देशाच्या करदात्यांच्या पैशांवर शिकायचं आणि निष्ठा एका परक्या संस्थेला वाहायची. त्यापेक्षा परराष्ट्र सेवेत जा, निदान बाजू तरी आपली मांडाल.

माजी_पीटू
बुवा, दोन्ही कामं मुळातच वेगळी आहेत. परराष्ट्र सेवेतला अधिकारी भारताची बाजू मांडतो, त्यासाठीच त्याला पगार मिळतो. यूएनच्या सनदेचं १०० वं कलम सांगतं की सचिवालयातल्या माणसाने कुठल्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत, मागायच्या नाहीत. आणि सरकारांनीही दबाव आणायचा नाही. नेमणुकीच्या वेळी तसं लिहून द्यावं लागतं. १०१ व्या कलमात गुणवत्ता आधी, भौगोलिक विस्ताराचा विचार त्यानंतर. व्यवहारात हे किती पाळलं जातं यावर मी रात्रभर बोलू शकेन, पण कल्पना वाईट नाही. सगळेच आपापल्या राजधानीला फोन लावून काम करू लागले तर दुष्काळाचा अहवाल लिहायचा कुणी?

आकडेमोड
तर्कटबुवांची अडचण आणि गोदाकाठचीच्या बाबांची इच्छा दोन्ही एका झटक्यात सुटतात. तिघांनाही माझा सल्ला: इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस. परीक्षा यूपीएससीच घेते, वय २१ ते ३०, पेपर बहुतांश संख्याशास्त्राचे, म्हणजे तू आत्ताच जे शिकून बाहेर पडलीस तेच. इतिहास-भूगोलाच्या ढिगाऱ्यात तीन वर्षं घालवायची नाहीत. मी याच सेवेत आहे. राष्ट्रीय नमुना पाहणी, किंमत निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न हे आमचं रोजचं. यूएनच्या सांख्यिकी बैठकांना भारताकडून आमचेच लोक जातात. जपानमधल्या चिबाला यूएनची आशिया-पॅसिफिकसाठी सांख्यिकी प्रशिक्षण संस्था आहे, १९७० ची, तिथे आमच्यातले शिकायलाही जातात आणि शिकवायलाही. प्रतिनियुक्तीवर किंवा राजीनामा देऊन यूएनमध्ये गेलेले वरिष्ठ मला माहीत आहेत. तिथे गेल्यावर 'तुम्ही काय केलंय' या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असतं: इतक्या लाख घरांची पाहणी चालवली.

जागा मात्र फार नसतात. काही वर्षी अगदीच थोड्या. हे जाहिरात बघून ठरव.

खटावकर
आकडेमोड यांना जोरदार अनुमोदन. आमच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावचा माणूस इथे आठवलाच पाहिजे. पां. वा. सुखात्मे, जन्म १९११. फर्ग्युसन, मग लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. परत येऊन शेती संशोधन परिषदेत पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पद्धतीने कसा काढायचा यावर काम. त्यापूर्वी पाटील-तलाठ्यांनी आणेवारी सांगायची आणि सरकारने मानायची. यादृच्छिक पद्धतीने गाव निवडायचं, शेत निवडायचं, शेतातला तुकडा निवडायचा, तेवढाच कापून वजन करायचं. यातूनच ते पन्नासच्या दशकात रोमला एफएओत (यूएनच्या अन्न व शेती संघटनेत) गेले, तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि जगात भुकेली माणसं किती हे मोजायच्या पद्धतीवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९७१ मध्ये पद्मभूषण. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन पोषणावर भांडत राहिले, त्यांच्या मतांवर बराच वादही झाला.

मी स्वतः कृषी खात्यात होतो. पीक कापणी प्रयोगाला उभं राहिलेल्यांना आठवेल: बहुतेक पिकांना १० बाय ५ मीटरचा तुकडा, चार कोपऱ्यांना खुंट्या, दोरी, ताडपत्री, काटा. आणि शेतकरी खुंटी हळूच कमी पिकाच्या बाजूला सरकवतोय, कारण विमा त्यावर अवलंबून. खुंटी पुन्हा जागेवर आणताना जे संख्याशास्त्र शिकता येतं ते पुस्तकात नाही.

देवनारकर
मुंबईतच एक दार आहे ते कुणी सांगितलं नाही. गोवंडी स्टेशनवरून चालत जाण्याच्या अंतरावर, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, आयआयपीएस. १९५६ मध्ये भारत सरकार, टाटांचा ट्रस्ट आणि यूएन अशा तिघांनी मिळून काढली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हीच संस्था चालवते. आशिया-आफ्रिकेतल्या सरकारांची माणसं इथे लोकसंख्याशास्त्र शिकायला येतात. मी होतो तेव्हा मेसमध्ये नेपाळचा, व्हिएतनामचा, इथिओपियाचा अशी पंगत असे आणि सगळे मिळून डाळीला नावं ठेवत. संख्याशास्त्रवाल्यांना प्रवेश सोपा जातो, विद्यावेतन असतं. इथून यूएनएफपीए (यूएनचा लोकसंख्या निधी), युनिसेफ, डब्ल्यूएचओत गेलेल्यांची यादी मोठी आहे. बहुतेक जण आधी दिल्लीत 'नॅशनल ऑफिसर' म्हणून लागले आणि मग बाहेर गेले.

गोदाकाठची, हे नॅशनल ऑफिसर नीट समजून घे. एनओए ते एनओई अशा पायऱ्या असतात. ही पदं त्या देशाच्या नागरिकांनाच असतात, म्हणजे इथे तुझी स्पर्धा भारतीयांशीच. वायपीपीची यादी, वर्गणी, सूत्र काही आड येत नाही. पगार पी श्रेणीइतका नाही पण इथल्या बाजाराच्या मानाने चांगला. युनिसेफचं महाराष्ट्रासाठीचं कार्यालय मुंबईतच आहे.

सीएकाका
करावर एकच टीप, कारण नेहमी चुकीचं ऐकतो. यूएनच्या अधिकाऱ्यांच्या पगाराला प्राप्तिकरातून सूट आहे, त्याला १९४७ चा खास कायदा आहे. कन्सल्टंट म्हणजे अधिकारी नव्हे. करारावरच्या मानधनाला ती सूट गृहीत धरून विवरणपत्र भरू नका.

गोदाकाठची
बाप रे. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना 'स्टॅटिस्टिकल सर्व्हिस' वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बघ, यूपीएससीच निघाली ना शेवटी." आईने आयआयपीएसचं विद्यावेतन किती ते विचारलं. क्लासवाल्यांना 'नको' म्हणून कळवलं, त्यांनी लगेच फी पन्नास हजारांवर आणली.

दोन शंका उरल्या. यूएनव्हीबद्दल कुणी लिहिलं नाही. आणि फ्रेंच आत्ता सुरू करावं का?

नैरोबीकरीण
यूएनव्ही मी केलंय. मुख्यालय बॉनला, १९७० पासूनची योजना. नाव स्वयंसेवक असलं तरी निर्वाह भत्ता मिळतो आणि काम पूर्णवेळ असतं. १८ ते २६ वयाला युवा गट आहे, त्यात तू आत्ता बसतेस. २७ नंतर तज्ज्ञ गट. देशांतर्गत जागाही निघतात. प्रोफाइल आजच भरून ठेव, त्याला काही पडत नाही. पण डोळे उघडे ठेव. काही कार्यालयांत स्वयंसेवकाला खरं काम देतात, काहींत रिकाम्या पदाचं ओझं स्वस्तात उचलायला घेतात. मुलाखतीत विचार: माझ्याआधी या जागी कोण होतं आणि आता ते काय करतात? उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा.

फ्रेंच: हो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच जागांना ते लागतं, आणि तिथे अर्ज करणारे भारतीय कमी असतात.

पेठकर
रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, फर्ग्युसन रस्त्यावर. फी क्लासवाल्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. नाशकात राहून करायचं तर ऑनलाइन अलियाँस फ्रान्सेज.

माजी_पीटू
मुलाखतीबद्दल राहिलं. यूएनची मुलाखत आपल्याकडच्यासारखी गप्पांची नसते. पॅनेलवाले ठरलेला प्रश्न कागदावरून वाचतात, सगळ्यांना तेच शब्द. "मतभेद असलेल्या सहकाऱ्याबरोबर काम पूर्ण केल्याचा एक प्रसंग सांगा." तुम्ही बोलत असताना तिघेही मान खाली घालून लिहीत असतात, हूं नाही की चूं नाही. आपली मुलं तिथेच गडबडतात, त्यांना वाटतं उत्तर चुकलं. चुकलेलं नसतं, त्यांना प्रतिक्रिया द्यायचीच नसते. दुसरं म्हणजे आपण सवयीने 'आम्ही केलं' म्हणतो. मी दुसऱ्या बाजूने पॅनेलवर बसलोय. 'आम्ही' म्हणणाऱ्याच्या नावापुढे लिहायला काही उरत नाही. तुझ्या एमएस्सीच्या प्रकल्पात तू नेमकं काय केलंस, कुठला डेटा साफ केलास, कुठे अडलं, कसा मार्ग काढलास, ते आत्ताच वहीत लिहून ठेव. चार वर्षांनी आठवत नाही.

वर्ल्ड बँकेचं वायपीपी सध्या बाजूला ठेव. ते १९६३ पासून आहे, वयाची अट ३२ चीच, पण तिथे किमान पदव्युत्तर पदवी, शिवाय कामाचा अनुभव किंवा संशोधन हातात असलेले लोक येतात. आधी काहीतरी करून घे, मग त्याचा विचार कर.

तर्कटबुवा
जाता जाता, बँकेचा विषय निघाला म्हणून: १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते. आयसीएसच्या परीक्षेत १९१८ मध्ये पहिले आलेले. ही बँक स्थापन होत असताना रायगडचा माणूस टेबलावर होता, आणि आज आपण तिच्या भरतीच्या अटी वाचतोय.

कटिंगचहा
बुवा, धागा भरकटवायचं श्रेय तुम्हालाच. आता रायगड विरुद्ध सातारा सुरू होणार.

खटावकर
सुरू कशाला व्हायला हवं, सातारा आघाडीवरच आहे.

वाटसरू_८८
नवीन सदस्य. धागा पूर्ण वाचला. माझं वय ३४, पाणीपुरवठ्यात अभियंता, नऊ वर्षं गावांच्या नळयोजनांवर, अलीकडे जलजीवनच्या कामांवर. म्हणजे माझी गाडी सुटलीच का?

माजी_पीटू
वायपीपीची सुटली. पण ३२ ची अट त्या योजनेपुरती आहे. नऊ वर्षांचा अनुभव असेल तर पी-३ ला थेट अर्ज करता येतो. युनिसेफमध्ये पाणी-स्वच्छतेचा विभाग 'वॉश' नावाने शोधा, इथली एनओबी पदंही बघा. गावात योजना चालू झाल्यावर नळाला पाणी किती महिने टिकलं याची नोंद तुमच्याकडे आहे का?

वाटसरू_८८
आहे. एक्सेलमध्ये, गावनिहाय.

नैरोबीकरीण
मग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथल्या वॉश विभागातल्या सहकाऱ्याला विचारून सांगते, जाहिरातीत असे लोक कोणत्या नावाने शोधतात ते.